पाळण्यातले पाय, शिकलेले हात

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांतल्या जुन्या वळणाच्या मंडळींचा एक लाडका सिद्धान्त आहे: कॅरेक्टर शीटवर स्किल्सची यादी आली आणि खेळ नासला. त्याआधी म्हणे खेळाडू डोकं चालवायचे. पुढच्या फरशीखाली खड्डा असल्याचा संशय आला तर पाणी ओतून ते कुठल्या फटीत शिरतंय ते बघायचे, दहा फुटी काठीने जमीन ठोकत चालायचे, प्रश्न विचारून डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, भंडावून सोडायचे. आताचा खेळाडू शीटवर बोट फिरवतो, ‘मी पर्सेप्शन टाकतो’ म्हणतो आणि फासा थांबायची वाट बघतो. तेव्हा यादी फाडा, सहा मूळ आकडे तेवढे ठेवा आणि बाकीचं खेळाडूच्या अकलेवर व डीएमच्या तारतम्यावर सोपवा. मॅट फिंचने २००८ साली जुन्या पद्धतीच्या खेळावर एक छोटी पुस्तिका काढली. तेव्हापासून हे मत इतकं रुजलंय, की ते मांडताना आता कुणी पुरावा द्यायच्या भानगडीत पडत नाही.

तक्रारीतला अर्धा भाग खरा आहे. फासा टाकून विचार टाळणारे खेळाडू मीही बघितलेत, त्यांच्या शेजारी बसून जांभया आवरल्यात. पण निवाडा मात्र चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा आहे. स्किल्स बिचारी या खेळात पहिल्यापासून दुय्यम वागणूक सोसत आलीत. गडबड आहे ती त्या सहा आकड्यांत, आणि यादी फाडायला निघालेले लोक नेमके तेच आकडे जपून ठेवायला सांगतायत. शीटवरून काही खोडायचंच असेल तर ते आकडे खोडावेत. यादी राहू द्यावी.

खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. प्रत्येक पात्राला सहा आकडे असतात. स्ट्रेंग्थ म्हणजे अंगातलं बळ, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, विज्डम म्हणजे समज आणि करिश्मा म्हणजे समोरच्यावर पडणारी छाप. मूळ पद्धतीत सहा बाजूंचे तीन फासे टाकून हे आकडे ठरत, त्यामुळे ते तीन ते अठराच्या मधले. स्किल्स म्हणजे शिकलेल्या गोष्टी: चढणं, लपणं, थापा मारणं, जखम बांधणं, जनावर आवरणं. हल्लीच्या खेळात काही करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आकड्यातून येणारी अधिक-उणी रक्कम आणि शिकलेलं असल्यास त्याची बेरीज मिळवायची, आणि डीएमने मनात धरलेला अंक गाठायचा. एका बाजूला जन्मतः मिळालेलं, दुसऱ्या बाजूला कमावलेलं, असे हे दोन पक्ष.

आता जुन्या काळाकडे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाहून तीन चिमुकल्या पुस्तिकांत बाहेर पडला. त्यात सहा आकडे होते, स्किल्स नव्हती, हे खरं. पण ते आकडे करत काय होते? आपल्या क्लासचा, म्हणजे पात्राच्या पेशाचा, मुख्य आकडा मोठा असेल तर अनुभवाचे गुण थोडे जास्त मिळत, फार तर दहा टक्के. चपळाई बरी असेल तर बाण मारताना एक अधिक. काटकपणा असेल तर थोडे हिट पॉइंट वाढत. छाप असेल तर पदरी ठेवलेल्या माणसांची संख्या आणि त्यांचं इमान वाढे. बस. दार मोडताना, नदी ओलांडताना, राजाशी बोलताना तुमचा अठराचा आकडा काढून दाखवायची सोयच फारशी नव्हती. ज्या निर्मळ काळाची आठवण काढून गळा काढला जातो, त्या काळात स्किल्स नव्हती तसे आकडेही नावापुरतेच होते. परत जायचंच असेल तर दोन्ही टाकून जा की!

दुसऱ्याच वर्षी ग्रेहॉक नावाची पुरवणी आली आणि तिच्यात चोर हा नवा क्लास आला. कुलूप उघडणं, सापळा निकामी करणं, सावलीत लपणं, पावलांचा आवाज न करणं यांची टक्केवारी त्याच्यासाठी छापलेली होती आणि लेव्हलगणिक, म्हणजे अनुभवाच्या पायरीगणिक, ती वाढत जायची. जुन्या वळणाच्या लेखी ऱ्हासाची सुरुवात ती हीच: चोराला टक्केवारी मिळाली आणि इतरांनी लपायचा प्रयत्न करणंच सोडलं. पण त्याच पुरवणीत आणखी एक गोष्ट आली, तिच्याबद्दल ही मंडळी मूग गिळून बसतात. स्ट्रेंग्थ अठरा असलेल्या योद्ध्याने आणखी टक्केवारीचे फासे टाकायचे आणि अठराच्या पुढे एक ते शंभरची नवी शिडी चढायची. म्हणजे शिकलेल्या कामाला जेव्हा पहिल्यांदा अंक मिळाला, तेव्हाच जन्मजात बळाची किंमतही फुगवली गेली. कमावलेलं आलं म्हणून बोंब मारायची आणि जन्मजात फुगलं त्याकडे काणाडोळा करायचा, याला इतिहास म्हणत नाहीत.

यादी नसलेल्या टेबलावर प्रत्यक्षात काय होतं? डीएमला काहीतरी आधार लागतोच. टॉम मोल्डवेने संपादित केलेल्या १९८१ च्या बेसिक संचात त्याची युक्ती सांगितली आहे: वीस बाजूंचा फासा टाका, संबंधित आकड्याइतकं किंवा त्याहून कमी पडलं की जमलं; काम सोपं-अवघड असेल तसा थोडा फरक करा. जुन्या वळणाच्या कितीतरी टेबलांवर आजही हेच चालतं आणि किती सुटसुटीत म्हणून वाखाणलं जातं. सुटसुटीत आहेच. पण हिशोब करून बघा. काल गाव सोडून आलेला, चपळाई सोळा असलेला पोरगा दरीवरून उडी मारतो तेव्हा त्याला ८० टक्के संधी. दहा लेव्हल रक्त आटवलेली, शेकडो दऱ्या ओलांडलेली, पण चपळाई नऊ असलेली म्हातारी वाटाडी उडी मारते तेव्हा ४५ टक्के. लेव्हल वाढली म्हणून त्या संचात आकडा वाढत नाही. ती आणखी दहा लेव्हल हिंडली तरी तिची उडी तिथेच. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण कौतुकाने म्हणतो; इथे पाय आयुष्यभर पाळण्यातच राहतात.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत यावर स्किल्ससारखी एक गोष्ट होती, पण ती त्याच खुंटीला टांगलेली. एखादी विद्या घेतली की फासा पुन्हा त्या आकड्याच्या आतच पाडायचा. त्या विद्येवर आणखी एक जागा खर्च केली तर मिळणार एक अधिक. बुद्धी सतरा असलेल्याने एकदा हात लावला की नऊवाल्याला त्याच्या बरोबरीला यायला आठ जागा खर्चायला हव्यात. इतक्या जागा कुणालाही उभ्या जन्मात सहसा मिळत नसत. यात ‘स्किल्सचा सुळसुळाट’ कुठे दिसतो? दिसते ती आकड्यांची सावकारी.

आता खेळाडूच्या अकलेची गोष्ट, कारण विरोधकांचा खरा जोर तिथे आहे. पात्राला काय येतं ते महत्त्वाचं नाही, खेळाडूला काय सुचतं ते महत्त्वाचं, असं ते म्हणतात. ऐकायला छान वाटतं. पण टेबलावर अकलेच्या नावाखाली काय मोजलं जातं ते जवळून बघायला हवं. पुण्यातल्या एका टेबलाचा प्रसंग सांगतो. खेळ इंग्रजीत, कुजबुज मराठीत, वाद हिंदीत, असं तिथलं नेहमीचं. एक मुलगी बार्ड खेळत होती. करिश्मा सतरा, लोकांना पटवण्यात तरबेज, हेच त्या पात्राचं पोट भरायचं साधन. वेशीवरच्या नायकाला पटवून रात्री दार उघडून घ्यायचं होतं. डीएम जुन्या वळणाचा. म्हणाला, फासा नको, तू त्याला काय म्हणतेस ते बोलून दाखव. मुलगी मराठी माध्यमातली. तिने इंग्रजीत सुरुवात केली, अडखळली, अर्धं वाक्य मराठीत आलं, कुणीतरी हसलं. डीएमने ठरवलं, नायकाला पटलेलं नाही. मग शेजारचा पोरगा सरसावला. त्याचा बार्बेरियन, करिश्मा आठ, आंघोळीचं वावडं. पण पोराची इंग्रजी सफाईदार. पाच वाक्यं फेकली, दार उघडलं.

तिने काय म्हटलं होतं ते नीट ऐकलं असतं तर कळलं असतं, की तिची कल्पना जास्त चांगली होती. शिपायांचा पगार थकलाय हे तिला मागच्या बैठकीतलं आठवत होतं, आणि सरदारापर्यंत त्यांचा अर्ज पोचवायचं ती कबूल करत होती. पोराने नुसता रुबाब केला. त्याच संध्याकाळी त्याच्या बार्बेरियनने लोखंडी दार उखडलं, तेव्हा मात्र डीएमने ‘समोरचं टेबल उचलून दाखव’ असं त्याला म्हटलं नाही. बळाला फासा चालतो, बोलण्याला चालत नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही, तो फक्त बोलणाऱ्यांच्या सोयीचा आहे. आपल्याकडे तर तो कॉन्व्हेंटच्या सोयीचा आहे. यादी फाडा म्हणणारे खेळाडूच्या बुद्धीचा जयजयकार करतात आणि बक्षीस त्याच्या शाळेला देतात.

बोलायला लावूच नये असं माझं म्हणणं नाही. काय बोललं ते खेळाडूने सांगावं, कुठल्याही भाषेत, तुटक का असेना. थकलेल्या पगाराचा मुद्दा काढला तर डीएमने काम सोपं धरावं, अंक पंधराचा दहा करावा, किंवा फासा न टाकताच दार उघडावं. सुचणं खेळाडूचं, वठवणं पात्राचं. त्या वठवण्याचा हिशोब स्किल ठेवतं. ही यादी म्हणजे डीएमने खेळाडूला आधीच दिलेला शब्द असतो: तुझं हे माणूस या कामात तयार आहे, आयत्या वेळी माझ्या लहरीवर ते अडाणी ठरणार नाही. हा शब्द काढून घेतला की उरते ती डीएमची मर्जी. तिला तारतम्य म्हटलं की ती भारदस्त वाटते, एवढंच.

‘मी पर्सेप्शन टाकतो’ या रोगाचं काय मग? रोग आहे. पण २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही खेळाडूने काय करतो ते सांगायचं आणि निकाल अनिश्चित असेल तरच डीएमने फासा मागायचा, असाच नियम आहे. तो न पाळणाऱ्या टेबलावर यादी काढून घेतली तर लोक ‘मी विज्डम टाकतो’ म्हणतील. म्हणतातच.

शिवाय स्किल्सवर फोडलं जाणारं बरंचसं खापर खरं तर त्या वीस बाजूंच्या एकट्या फाशाचं आहे. तक्रार अशी असते: तज्ज्ञ आपटतो आणि शिकाऊ उमेदवार जिंकतो, मग या स्किलला अर्थ काय? एक पंजा लढवून बघू. पाचव्या आवृत्तीतला योद्धा, बळ वीस, म्हणजे पाच अधिक. समोर काडीपैलवान जादूगार, बळ आठ, म्हणजे एक उणे. दोघांनीही एकेक फासा टाकायचा, ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. फरक सहाचा. चारशे शक्यतांपैकी ९१ वेळा जादूगार जिंकतो, १४ वेळा बरोबरी होते. जवळपास २३ टक्के! माणसाच्या बळाची परिसीमा असलेल्या गड्याला चष्मिस जादूगार चार-साडेचार डावांतून एकदा लोळवतो. इथे स्किलचा संबंधच नाही, दोन आकड्यांची नुसती झुंज आहे. फासाच असा आहे की एकपासून वीसपर्यंत प्रत्येक अंक सारख्याच संधीने पडतो. हीच झुंज तोच फरक ठेवून सहा बाजूंच्या तीन-तीन फाशांनी लावली, तर जादूगाराची संधी ६ टक्क्यांवर येते, कारण तीन फाशांची बेरीज मधल्या अंकांकडे झुकते. स्टीव्ह जॅक्सनने १९८६ साली गर्प्स हा खेळ काढला तेव्हा सगळी कामं तीन फाशांवर बेतली होती, आणि तिथे पात्रांपुढची स्किल्सची यादी याहून कितीतरी लांब आहे. लांब यादीने तिथला तज्ज्ञ काही आपटत नाही.

आता पाचव्या आवृत्तीतच जरा मुक्काम करू, कारण आज बहुतेक लोक तीच खेळतात आणि यादीविरुद्धचा रागही बहुधा तिच्यावरूनच उसळतो. स्किल्स अठरा आहेत. त्यांची वाटणी पहा: बळाखाली एक, चपळाईखाली तीन, बुद्धीखाली पाच, समजेखाली पाच, छापेखाली चार, आणि काटकपणाखाली शून्य. समजेच्या गोठ्यात नजर, जनावरं हाताळणं, रानात तग धरणं आणि वैद्यकी एकत्र बांधली आहेत, त्यामुळे घारीच्या नजरेचा शिकारी आपोआप अर्धा वैद्यही असतो. वरून नियमपुस्तकाच्या लेखी स्किलची अशी स्वतंत्र चाचणी नाहीच. चाचणी आकड्याची, स्किलचं नाव शेजारी कंसात, पाहुण्यासारखं. यादीने खेळ गिळला म्हणणाऱ्यांनी ती यादी कुठे छापलीय तेवढं तरी बघायचं.

या कंसाचा परिणाम एका पुजाऱ्यावर बघू. क्लेरिक, पहिली लेव्हल. बालपणापासून देवळात वाढलेला, धर्मशास्त्र शिकलेला, शीटवर रिलिजनपुढे ठिपका. आकडे नेहमीच्या तयार संचातले: १५, १४, १३, १२, १०, ८. क्लेरिकला समज हवी, काटकपणा हवा, चिलखतासाठी बळ हवं. मग आठाचा आकडा बहुधा बुद्धीच्या वाट्याला येतो. आणि रिलिजन हे स्किल बुद्धीखाली आहे. हिशोब: एक उणे, अधिक शिकल्याचे दोन, एकूण अधिक एक. शेजारी विझार्ड बसलाय. देवळाची पायरी चढलेला नाही, धर्मशास्त्राचं पान उलटलेलं नाही. बुद्धी सोळा. अधिक तीन. वेदीवरच्या त्या पुसट चिन्हाचा अर्थ काय, हे पुजाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त वेळा कळणार.

पुढे सुधारेल म्हणाल, तर हे ऐका. शिकल्याचा बोनस दोनवरून सुरू होऊन चार-चार लेव्हलनी एकेक वाढतो आणि सतराव्या लेव्हलला सहा होतो. विझार्ड आठव्या लेव्हलपर्यंत बुद्धी वीसवर नेतो, म्हणजे अधिक पाच. त्याने धर्म अजूनही शिकलेला नाही. पुजारी सतराव्या लेव्हलला पोचतो तेव्हा त्याचं एक उणे आणि सहा मिळून पाच होतात. वीस लेव्हलच्या या खेळात सतराव्या लेव्हलला, जेव्हा तो देवाला हाक मारून मेलेली माणसं उठवतो, तेव्हा कुठे त्याला आपल्या धर्माबद्दल नास्तिक विझार्डाइतकं कळायला लागतं. ही अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. डीएम गुपचूप ‘तू क्लेरिक आहेस म्हणून तुला माहीत आहे’ असं सांगून वेळ मारून नेतात. चांगलं करतात. पण नियम चुकवून जे द्यावं लागतं ते नियमातच का नसावं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: उपजत गुण हीसुद्धा वस्तुस्थिती आहे, काहींचा गळा गोड असतो, काहींचे हात चपळ असतात. असतात. पण या खेळात ती वस्तुस्थिती शीटवर आधीच एकदा लिहिलेली असते. बार्बेरियन हा क्लास निवडला, की माणूस दांडगा आहे हे कळलं. विझार्ड म्हटलं की बुद्धिमान. मग तयार संचातला पंधरा कुठे जाणार हे आंधळाही सांगेल. प्रत्येक विझार्डाची बुद्धी सारखीच मोठी, प्रत्येक बार्बेरियनचं बळ सारखंच मोठं. जो आकडा न बघता सांगता येतो तो आकडा पात्राबद्दल नवीन काय सांगतो? तीन फासे ओळीने टाकून जे येईल ते पदरात घ्यायची पद्धत होती, तेव्हा निदान गंमत तरी होती: अशक्त योद्धा, बावळट चोर निघायचे. तीन फाशांवर अठरा पडायची शक्यता २१६ त एक, त्यामुळे तो पडला की टेबलावर आरोळी उठायची. आज आकडे वाटून घेतले जातात; जुगार गेला आणि त्याची पावती तेवढी राहिली.

आणि ती पावती मोठी अवघड जागेची आहे. जन्मजात म्हणून काय लिहायचं यावर या खेळाच्या प्रकाशकांना पुन्हापुन्हा माघार घ्यावी लागली आहे. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड खेळाच्या प्लेयर्स हँडबुकात माणूस जातीच्या स्त्री पात्राच्या बळावर छापील मर्यादा होती. अठराच्या पुढच्या त्या शंभराच्या शिडीवर तिने पन्नासाच्या वर चढायचं नाही. ड्रॅगन आगीचे लोळ ओकतोय, प्रेतं चालतायत, आणि वास्तवाची काळजी कुठे वाहिली, तर बाईच्या दंडात! १९८९ मध्ये ही मर्यादा गेली. मग वंशानुसार मिळणारे अधिक-उणे आकडे उरले, ते २०२० च्या टॅशाच्या पुस्तकाने हवे तिथे फिरवायची मुभा दिली, आणि २०२४ च्या सुधारित आवृत्तीत ते वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले. म्हणजे जन्माचा आकडा शेवटी काय केलं, कुठे वाढला, काय शिकला यावर येऊन टेकला. तो स्किल्सच्या दारात उभा आहे. आत घ्यायला काय हरकत आहे?

बाहेरच्या खेळांनी केव्हाच घेतलंय. मार्क मिलरच्या ट्रॅव्हलरमध्ये १९७७ पासून पात्र घडतं तेच नोकरी करत: चार-चार वर्षांच्या मुदती, प्रत्येक मुदतीत काहीतरी पदरात पडतं, आणि दैव फिरलं तर खेळ सुरू व्हायच्या आधीच माणूस मरतो. त्या खेळातल्या सहा मूळ आकड्यांतही एक शिक्षणाचा आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या रूनक्वेस्टमध्ये क्लासच नाहीत. जे स्किल वापरून यश मिळालं त्यापुढे खूण करायची आणि मोहीम संपली की ते वाढतं का याचा फासा टाकायचा. जितकं जास्त येतं तितकी पुढे सरकायची संधी कमी. कुठल्याही उस्तादाला विचारा, तो हेच सांगेल. याच घराण्यातल्या कॉल ऑफ कथुलूमध्ये लोक १९८१ पासून ग्रंथालयात कागदपत्रं शोधायचं स्किल वापरतायत आणि त्यापायी कुणाची कल्पनाशक्ती वाळल्याचं ऐकिवात नाही. जॉन हार्परच्या ब्लेड्स इन द डार्कने तर २०१७ मध्ये गाडाच उलटा फिरवला: बारा कृती, चार-चारांचे तीन गट, आणि त्यातल्या किती कृतींना तुम्ही हात लावलाय यावरून गटाचा मूळ गुण ठरतो. आधी शिकणं, मग गुण. पाथफाइंडरने २०२३ च्या सुधारणेत तीन ते अठराचे आकडे काढून नुसती अधिक-उणी रक्कम ठेवली. हे निम्मंच पाऊल, पण दिशा चुकीची नाही.

एका आवृत्तीला मात्र न्याय द्यायला हवा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शिकलेलं खरोखर पुढे जायचं. लेव्हलपेक्षा तीन जास्त इतक्या पायऱ्या चढता यायच्या, म्हणजे दहाव्या लेव्हलला तेरा. आकड्यातून मिळणारे चार-पाच त्यापुढे किरकोळ. पुजारी तिथे खरंच धर्म शिकत असे. पण त्या पायऱ्या विकत घ्यायचं चलन बुद्धीच्या आकड्यातून यायचं. योद्ध्याला लेव्हलमागे दोन गुण. बुद्धी आठ असेल तर एकच. पोहणं वेगळं, चढणं वेगळं, उडी वेगळी, घोडेस्वारी वेगळी. बिचारा घोड्यावर नीट बसायला लागला की पाण्यात बुडायचा. लोकांना आठवतो तो हा जाच, आणि दोष लागतो यादीच्या लांबीला. अडाण्याला शिकूच न देणारा आकडा पुन्हा सहीसलामत सुटतो.

तर टेबलावर करून बघायची गोष्ट. पाचवी आवृत्तीच घ्या, नवीन पुस्तक विकत घ्यायला नको. हल्ला, हिट पॉइंट, बचावाचे फासे आहेत तसे ठेवा. तो वेगळा तंटा आहे. फक्त स्किल्समधून आकड्याची रक्कम काढून टाका आणि शिकल्याचा बोनस दुप्पट करा. पहिल्या लेव्हलला शिकलेल्याला अधिक चार, न शिकलेल्याला शून्य. मध्यम अवघड काम, अंक पंधरा: शिकलेल्याला ५० टक्के, न शिकलेल्याला ३०. आजच्या नियमांत आकडा आणि शिक्षण दोन्ही जुळून आलेल्याला ५५ मिळतात, तेव्हा फार काही बिघडत नाही. सतराव्या लेव्हलला अधिक बारा, आणि पंचवीसचा अंक ४० टक्के वेळा सर. आज तिथे ३५ आहेत. खेळाची चौकट शाबूत राहते आणि पुजाऱ्याला धर्म पहिल्या दिवसापासून कळतो. एक्स्पर्टाइज असलेल्यांचा, म्हणजे ज्यांना शिकल्याचा बोनस आजच दुप्पट मिळतो त्यांचा, बोनस पुन्हा दुप्पट करू नका, आकाशाला भिडेल. त्यांना दोन फासे टाकून मोठा घेऊ द्या. न शिकलेल्याला चांगली युक्ती सुचली तर अंक खाली आणा, जुन्या वळणाची दहा फुटी काठी इथे खुशाल चालवा. विझार्ड खेळणारे कुरकुर करतील. पाचव्या लेव्हलला फायरबॉल मिळतो त्यांना, तोवर करू द्या.